पाचशे रुपयांचा मंत्री

१९३७ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई इलाख्याच्या विधानसभेत एक आटोपशीर विधेयक आलं. विषय होता मंत्र्यांचा पगार, आणि आकडा होता महिना पाचशे रुपये. घरभाडं आणि मोटारीचा भत्ता वेगळा. काँग्रेसचं सरकार येऊन जेमतेम महिना झाला होता. बाळासाहेब खेर पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. खेर स्वतः नावाजलेले सॉलिसिटर. आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हृदयरोगतज्ज्ञ. ही माणसं आपला जम बसलेला व्यवसाय बाजूला ठेवून पाचशे रुपयांवर राज्य चालवायला तयार झाली होती. त्यांच्या हाताखालच्या आयसीएस सचिवांना याच्या कितीतरी पट पगार होता. म्हणजे फाईल आणून ठेवणारा साहेब भरपूर कमावणार, आणि तिच्यावर सही करणारा मंत्री त्याच्यापुढे गरीब दिसणार.

लोकांना हे फार आवडलं. आज एखाद्या मंत्र्यानं असं जाहीर केलं तर त्याचं रील अर्ध्या तासात सगळीकडे फिरेल.

या विधेयकाच्या विरोधात जे बोलायला उभे राहिले त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते, कामगारांचे आणि कोकणातल्या कुळांचे प्रतिनिधी. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी खंडांतला दुसरा खंड विधिमंडळातल्या भाषणांचा आहे, त्यात हे भाषण सापडतं. मी ते फोनवर, पीडीएफ मोठं करकरून वाचलं, आणि मग या विषयात अडकलोच. गरिबांचा नेता मंत्र्यांच्या कमी पगाराला विरोध करतो, ही गोष्ट आपल्या डोक्यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही.

आधी हा पाचशेचा आकडा आला कुठून ते बघू.

२ मार्च १९३० रोजी, दांडीला निघण्याच्या काही दिवस आधी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात मिठाचा विषय आहेच, पण एक परिच्छेद सरळ व्हाइसरॉयच्या पगाराचा आहे. तुम्हाला महिन्याला २१,००० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ७०० हून जास्त. भारतातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहून कमी. म्हणजे तुम्ही सरासरी भारतीयाच्या पाच हजार पटींहून जास्त घेता, आणि तुमचा ब्रिटिश पंतप्रधान मात्र तिथल्या सरासरीच्या फक्त नव्वद पट. इतक्या नम्र भाषेत इतका बोचरा हिशेब क्वचितच कुणी मांडला असेल. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसच्या ठरावात तो कलम होऊन उतरला: राज्याच्या कोणत्याही सेवकाचा पगार साधारणपणे महिना पाचशे रुपयांच्या वर असू नये. १९३७ मध्ये सत्ता आली तेव्हा काँग्रेसनं तो शब्द पाळला. राजकीय पक्ष निवडणुकीआधीचा शब्द पाळतो, तेही स्वतःच्या खिशाला झळ लावून. याबद्दल त्या माणसांचा मान ठेवलाच पाहिजे.

पण गांधीजींचाच हिशेब पुढे चालवून बघा. दिवसाला दोन आणे म्हणजे महिन्याला पावणेचार रुपये. पाचशेला त्यानं भागलं तर १३३ येतात. म्हणजे त्यागमूर्ती प्रांतिक मंत्रीसुद्धा सरासरी भारतीयाच्या १३३ पट घेत होता. ब्रिटिश पंतप्रधानाच्या नव्वद पटींपेक्षाही जास्त. गरिबीच्या मापानं पगार मोजायला गेलं की कुठलाच आकडा पुरेसा लहान ठरत नाही, आणि मग तो पन्नास का नाही, पाच का नाही, याला उत्तर उरत नाही.

आंबेडकरांनी विधानसभेत वेगळं माप ठेवलं. मंत्र्याचा पगार ठरवताना चार गोष्टी बघा, असं त्यांचं म्हणणं. एक, समाजातलं राहणीमान. दोन, कार्यक्षमता. तीन, लोकशाही. चार, कारभाराची शुद्धता आणि सचोटी.

पहिल्या दोन कसोट्या कुठल्याही एचआरवाल्याला कळतील. चौथीही आपण रोज बोलतो: ज्याचं पगारात भागत नाही, तो ते दुसरीकडून भागवतो. खरी मजा तिसरीत आहे. पगार आणि लोकशाही यांचा संबंध काय? मी हे भाषण वाचल्यावर त्या एका शब्दापाशी बराच वेळ थांबलो होतो. या कसोटीमागे शंभर वर्षांचा एक झगडा होता, तोही आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या घरातला.

इंग्लंडमध्ये १७१० च्या एका कायद्यानं असं ठरवलं होतं की, ग्रामीण मतदारसंघातून पार्लमेंटात जायचं तर जमिनीचं वर्षाला ६०० पौंड उत्पन्न हवं, शहरातून जायचं तर ३००. वर पगार शून्य. गरिबांना आत येऊ नका असं सांगायची ही दोन दारं होती, एक बाहेरचं आणि एक आतलं. १८३८ साली चार्टिस्ट कामगारांनी आपली सहा मागण्यांची सनद काढली, तेव्हा त्यांनी या दोन्ही दारांवर बोट ठेवलं. मालमत्तेची अट काढा, आणि सदस्यांना पगार द्या. आपण शाळेत गुप्त मतदान आणि सर्व पुरुषांना मताधिकार एवढंच वाचून पुढे गेलो, पगाराची मागणी कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या गिरणी कामगारांना मात्र ती पक्की कळत होती. मत देण्याचा हक्क मिळाला तरी निवडून द्यायला समोर जमीनदारच उभा असेल, तर काय उपयोग?

मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. पगाराचं दार बंदच राहिलं. १८९२ च्या निवडणुकीत दोन अनोखी माणसं निवडून आली. सेंट्रल फिन्सबरीतून आपले दादाभाई नौरोजी आणि वेस्ट हॅम साउथमधून कीर हार्डी, दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला कामगार. दोघांनाही पार्लमेंटातून एक पेनीही मिळत नव्हती. दादाभाईंच्या मागे व्यापारातली जुनी कमाई आणि भारतातल्या मित्रांची मदत होती. हार्डीच्या मागे काहीच नव्हतं, लेखन, भाषणं आणि चाहत्यांचे पैसे यांवर तो तगला. पुढे कामगार संघटनांनी आपल्या सभासदांकडून वर्गणी काढून मजूर पक्षाच्या खासदारांना जगवायला सुरुवात केली. मग १९०९ च्या डिसेंबरमध्ये उमरावांच्या सभागृहानं ऑस्बोर्न नावाच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला की, संघटनांना राजकारणासाठी असा पैसा वापरता येणार नाही. एका निकालानं कामगार खासदारांच्या चुलीतलं लाकूड काढून घेतलं. उदारमतवादी सरकार तेव्हा मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर टेकलेलं होतं, त्यामुळे त्याला हालचाल करावीच लागली. १० ऑगस्ट १९११ रोजी कॉमन्सनं ठराव केला: प्रत्येक सदस्याला वर्षाला ४०० पौंड.

आता इथे एक गंमत. तेव्हाच्या दरानं एका पौंडाला पंधरा रुपये पडत. चारशे पौंड म्हणजे वर्षाला सहा हजार रुपये. महिन्याला बरोब्बर पाचशे.

हा निव्वळ योगायोग आहे, कराचीत कुणी लंडनचा आकडा समोर ठेवून बसलं नव्हतं. पण मला तो विसरता येत नाही. लंडनमध्ये पाचशे रुपये म्हणजे खाणकामगाराला सभागृहात बसता यावं म्हणून उघडलेलं दार. मुंबईत तेच पाचशे म्हणजे वकील-डॉक्टरांनी केलेला त्याग. त्याग करायला आधी काहीतरी असावं लागतं. खेरांकडे होतं, गिल्डरांकडे होतं. परळच्या चाळीतल्या एखाद्या जॉबरकडे किंवा रत्नागिरीतल्या खोताच्या कुळाकडे सोडून देण्यासारखं काय होतं? त्यागावर उभी राहिलेली व्यवस्था त्यागाची ऐपत असलेल्यांच्याच हातात राहते. आंबेडकरांच्या तिसऱ्या कसोटीचा मी लावलेला अर्थ हा असा आहे. (तो त्यांच्या तोंडी घालू नका, तो माझा आहे.)

याची जिवंत प्रयोगशाळा बघायची असेल तर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर या चिमुकल्या राज्याकडे बघावं. लोकसंख्या साधारण चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, आणि कनिष्ठ सभागृहात सदस्य मात्र चारशे. १८८९ साली त्यांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं की, आमदाराला दोन वर्षांच्या मुदतीचे २०० डॉलर मिळतील. तो आकडा आजही तोच आहे. वर्षाला शंभर डॉलर, वर प्रवासखर्च. ऐकायला हे साधेपणाचं स्वर्गराज्य वाटतं. प्रत्यक्षात तिथे निवृत्त माणसांचा भरणा असतो, कारण आठवड्याच्या मधल्या वारी राजधानीत जाऊन बसायला नोकरी करणाऱ्या तिशीतल्या बाईला कोण सुट्टी देणार? लाच खायची सोय नाही, हे मान्य. पण तरुण आणि कामकरी माणूस न दिसणारं सभागृह ही त्याची किंमत आहे, आणि ती गेली सव्वाशेहून जास्त वर्षं शांतपणे दिली जाते आहे.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे आमदारांचे पगार वाढवा, असं म्हणायचंय का? थांबा. अर्धीच गोष्ट झाली.

१९३७ मध्ये हे विधेयक विधानसभेत यावंच लागलं, कारण १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या ५१ व्या कलमात तशी अट होती. मंत्र्यांचा पगार प्रांतिक विधिमंडळानं कायद्यानं ठरवायचा. आणि त्याला जोडून एक लहानसं परंतुक होतं: मंत्री पदावर असेपर्यंत त्याच्या पगारात बदल करता येणार नाही. म्हणजे पगार ठरवा, चर्चा करा, पण खुर्चीवर बसून स्वतःचा आकडा हलवू नका.

ही कल्पना मुळात जुनी. अमेरिकेत जेम्स मॅडिसननं १७८९ सालीच घटनादुरुस्ती सुचवली होती की, काँग्रेस सदस्यांच्या पगारात केलेला बदल मध्ये एक निवडणूक होऊन गेल्याशिवाय लागू होऊ नये. पगार वाढवा, पण आधी लोकांसमोर जाऊन या. पुरेशा राज्यांनी तेव्हा ती मंजूर केली नाही आणि दुरुस्ती धूळ खात पडली. ती किती गरजेची होती हे मात्र पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. १८१६ मध्ये काँग्रेसनं दिवसाचे सहा डॉलर सोडून वर्षाला १,५०० डॉलर पगार लावून घेतला. लोक इतके भडकले की पुढच्या निवडणुकीत सभागृहाचा मोठा हिस्सा घरी गेला आणि कायदा मागे घ्यावा लागला. १८७३ मध्ये तर पाच हजारांचे साडेसात हजार केले, तेही मागल्या तारखेपासून, म्हणजे मुदत संपून निघालेल्यांच्याही हातात पाच-पाच हजारांचं घबाड. वर्ष व्हायच्या आत तेही रद्द.

मग १९८२ साली टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात ही विसरलेली दुरुस्ती सापडली. मंजुरीला मुदतच घातलेली नाही, म्हणजे ती अजून जिवंत आहे, असा निबंध त्यानं लिहिला. त्याला सी श्रेणी मिळाली. पठ्ठ्यानं राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहायला घेतली, आणि १९९२ च्या मे महिन्यात दुरुस्ती खरोखर घटनेत जाऊन बसली. दोनशे दोन वर्षांनी. २०१७ मध्ये विद्यापीठानं त्याची श्रेणी बदलून ए केली. असाइनमेंटला मिळालेल्या सी वर इतकं मोठं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही.

आपल्याकडे उलटा प्रवास झाला. १९५० च्या राज्यघटनेत मंत्र्यांच्या पगाराचं कलम १६४ (५) आलं. ते जवळपास १९३५ च्या कायद्यासारखंच आहे, फक्त ते परंतुक त्यात नाही. खासदारांसाठी १०६ आणि आमदारांसाठी १९५ ही कलमंही तेच सांगतात: पगार वेळोवेळी सभागृहच कायद्यानं ठरवेल. कुलूपही त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच.

पुढचा इतिहास आकड्यांतच सांगता येतो. १९५४ च्या कायद्यानं खासदाराला महिना ४०० रुपये आणि अधिवेशनात दिवसाला २१ रुपये भत्ता मिळू लागला. १९७६ मध्ये पेन्शन आली. २०१० मध्ये पगार १६ हजारांवरून एकदम ५० हजार झाला. त्या वेळी संसदीय समितीनं सुचवलेला आकडा मला आजही मनुष्यस्वभावाचा उत्तम नमुना वाटतो: ८०,००१. केंद्रीय सचिवाला ८० हजार होते, म्हणून खासदाराला एक रुपया जास्त. १९३७ चा मंत्री सचिवापेक्षा कितीतरी कमी पगार अभिमानानं मिरवत होता, आणि २०१० चा खासदार एका रुपयासाठी अडून बसला होता.

महाराष्ट्रानं २०१६ च्या ऑगस्टमध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटी, आमदारांचा पगार प्रधान सचिवाच्या पगाराला जोडून घेतला. ७५ हजारांवरून रक्कम दीड लाखाच्या वर गेली. माजी आमदारांचं पेन्शन ४० हजारांवरून ५० हजार झालं. विधेयक चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांचे माइक बंद पाडणारे सगळे पक्ष त्या दिवशी एका सुरात होते.

माझा आक्षेप दीड लाखाच्या आकड्याला नाहीच. मुंबईत एक घर आणि मतदारसंघात दुसरं चालवायचं, रोज दारात येणाऱ्या पन्नास माणसांना किमान चहा पाजायचा, तर एवढे पैसे लागतात. आक्षेप त्या न झालेल्या चर्चेला आहे. १९३७ च्या सभागृहात पाचशे रुपयांच्या पगारावर किमान वाद झाला. त्या वादात एक माणूस उभा राहून पगार कशाच्या आधारे ठरवायचा याच्या चार कसोट्या सांगून गेला, आणि त्या आज आपण वाचू शकतो. २०१६ मधलं असं काय वाचणार? पेन्शनचं तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन सरकारनं बंद केली. ती परत मिळावी म्हणून त्यांनी मार्च २०२३ मध्ये संप केला. ‘यांना पेन्शन कशाला’ हा मेसेज दर वर्षी तुमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतो, त्यातले आकडे बऱ्याचदा फुगवलेले असतात, पण त्यामागचा राग खोटा नसतो.

संसदेनं २०१८ मध्ये थोडी वाट बदलली. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं खासदारांचा पगार एक लाख केला आणि तो दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल असं ठरवलं. मार्च २०२५ च्या अधिसूचनेनं तो १ लाख २४ हजार झाला, १ एप्रिल २०२३ पासून. हात वर करून स्वतःची पगारवाढ मंजूर करायची लाज यामुळे संपली, आकडाही आवाक्यात राहिला. पण वादच संपला, आणि मला त्याचं फारसं समाधान नाही. ब्रिटननं खर्चाच्या खोट्या बिलांचं प्रकरण उघडकीला आल्यावर खासदारांच्या हातातून हे काम काढून एका स्वतंत्र संस्थेकडे दिलं. ती संस्था आपल्या निर्णयाची कारणं लिहून जाहीर करते, आणि खासदारांना ती फारशी आवडत नाही. बहुधा योग्य काम चालल्याची ती खूण असावी.

आमदार-खासदार निदान स्वतःचा पगार स्वतः ठरवू शकतात. महाराष्ट्रातल्या जवळपास २८ हजार ग्रामपंचायतींच्या सरपंचांना तो अधिकार नाही. त्यांचं मानधन मंत्रिमंडळ ठरवतं. ‘मानधन’ हा शब्दही बघा, पगार म्हटलं की हक्क येतो. सरपंच संघटनांची मागणी जुनी होती. विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात ३ हजारांचे ६ हजार, आठ हजारांपर्यंत ४ चे ८, त्याहून मोठ्या गावात ५ चे १०. यातली निम्मी पदं महिलांसाठी राखीव आहेत. त्यांतल्या कित्येक जणी त्याआधी आणि त्यानंतरही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या.

दुप्पट झालेल्या सहा हजारांना तीसनं भागलं की दिवसाचे २०० रुपये होतात. सरपंचपद रोज आठ तासांचं काम नसतं, हे खरं. तालुक्याच्या चकरा, ग्रामसभा, पाणीपुरवठ्याची भांडणं आणि दाखल्यांवरच्या सह्या एवढंच असतं. त्याच गावात, त्याच वर्षी, रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव असलेल्या मजुराचा दर दिवसाला २९७ रुपये होता.